सौंफचे गावठाण

जबलपूरहून मंडल्याकडे जाणारा रस्ता बरेला मागे टाकून टेकड्यांत शिरला की मातीच्या भिंतींवर विसावलेली कवेलूंची उतरती छपरे दिसू लागतात. अलीकडे रस्त्यालगत पक्की घरे वाढली आहेत. तरी आतल्या पाड्यांत गोंडांचे जुने घर अजून आढळते. राणी दुर्गावतीचे १५६४ मधील रणांगणावरील मरण जबलपूरच्या मराठी वाचकाला ठाऊक असते. तिच्या प्रजेचे घर त्याने क्वचितच पाहिलेले असते.

हे घर अरण्याला बाहेर ठेवण्यासाठी बांधलेलेच नाही. छुईच्या पांढऱ्या मातीने आणि गेरूने सारवलेल्या भिंती, धान्याच्या मातीच्या कोठ्या, मागे काटेरी कुंपणाची बाडी, एवढा त्याचा पसारा. छपराच्या फटींत चिमण्या, उंदीर आणि उंदरांमागोमाग येणारी धामण यांचे बिऱ्हाड असते. वानरे कवेलू उलथून टाकतात. पावसाळ्यापूर्वी शाकारणी करणे हा म्हणूनच वर्षाचा नेम. बाडीतल्या मक्यावर रानडुकरांचा डोळा असतो, आणि पीक उभे असेपर्यंत कुणीतरी माचाणावर रात्र जागवतो. या शेजाराला प्रेम म्हणणे हा शहरी भाबडेपणा ठरेल. तो व्यवहार आहे, आणि त्यात दोन्ही बाजूंना इजा होते.

चैत्राच्या सुमारास हे अधिक जाणवते. मोहाची फुले रात्रभर गळतात आणि पहाटे स्त्रिया टोपल्या घेऊन झाडाखाली जातात. त्याच वेळी, त्याच फुलांसाठी अस्वलही येते. फुले नीट वेचता यावीत म्हणून झाडाखालचा पाचोळा जाळतात. ती आग कधी रानात पसरते. झाड एक, दावेदार दोन.

व्हेरिअर एल्विन १९४० च्या दशकात ज्या पाटणगढात राहिले, त्याच गावी जनगढसिंह श्याम यांचा जन्म झाला. घराच्या भिंतीवरील चित्रे त्यांनी कागदावर आणि कॅनव्हासवर नेली. २००१ मध्ये जपानमध्ये त्यांचा अंत झाला. त्या परंपरेतील चित्रांत हरणांच्या शिंगांना फांद्या फुटतात. समीक्षकांनी याला कल्पनाविलास म्हटले, तरी अशा घराच्या अंगणात वाढलेल्याला ते निरीक्षणही वाटू शकते.

याच मुलखातल्या कान्ह्यात मात्र घर आणि हरीण यांपैकी एकाची निवड करावी लागली. कठीण भूमीवरचा बारशिंगा १९७० मध्ये अवघा ६६ उरला होता. पाडस लपवायला त्याच्या मादीला उंच गवत लागते. ते गुरांच्या चराईखाली आणि नांगराखाली गेले होते. १९६९ मध्ये सौंफ हे गाव उठवण्यात आले, पुढे इतरही गावे हलली. सोडलेल्या शेतांवर गवत वाढले आणि बारशिंगा तगला. हे यश निःसंशय मोठे आहे. पण त्याचा हिशेब हरणांच्या संख्येत मांडला जातो. किती कोठ्या, किती बाड्या, किती सारवलेल्या भिंती सोडाव्या लागल्या, हे कुणी त्या हिशेबाशेजारी लिहीत नाही.

मातीचे घर पाडावे लागत नाही. कवेलू काढून नेली की दोन-चार पावसांत भिंती जमिनीत मिसळतात. सौंफच्या मैदानात आज पर्यटकांना गवत दिसते, आणि त्यात मान वर करून उभा असलेला बारशिंगा.