बर्फाच्या बेटावर आठवला सासूबाईंचा डबा

मैत्रिणींनो, आधीच सांगते, हे काही प्रवासवर्णन नव्हे. त्या गावात आम्ही जेमतेम आठ तास होतो. पण त्या आठ तासांनी मनातली एक जुनी सल वर काढली, ती तुम्हाला सांगितल्यावाचून राहवेना.

गोष्ट सुरू होते आमच्या सोलापूरच्या घरात, दिवाळीच्या साफसफाईत. सासूबाई गावाकडून आमच्याकडे कायमच्या राहायला आल्या, त्या दोन ट्रंका आणि एक पत्र्याचा डबा घेऊन. डब्यात राखेत कालवलेली ज्वारी, वर कडुनिंबाचा पाला. मी शाळेतून दमून आलेली; डबा उघडते तो पोरकिडे तुरुतुरु पळाले. जुनं धान्य समजून सगळं कचऱ्याच्या गाडीत ओतून दिलं. सासूबाई देवळातून आल्या, रिकामा डबा पाहिला. रागावल्या नाहीत. एवढंच म्हणाल्या, "ते बी होतं गं, खायचं नव्हतं." मग चार दिवस कामापुरतंच बोलल्या. मीही मनात म्हटलं, दुकानात काय बी मिळत नाही? आपण बी.ए. झालेल्या, एका डब्यासाठी माफी कसली मागायची?

पुढे गेल्या वर्षी जुलै महिन्यात हॅम्बुर्गला राहणाऱ्या माझ्या थोरल्या दिरांच्या लग्नाला पंचवीस वर्षं झाली. त्यांनी आम्हा दोघांनाही बोटीच्या सफरीला बोलावलं. मी कां-कूं करत होते, मुलांचं कसं होणार म्हणून. सासूबाईच म्हणाल्या, "जा गं, घराचं मी बघते." कडक भाकरी आणि शेंगाची चटणी त्यांनीच बांधून दिली.

नॉर्वेचा किनारा धरून बोट वर वर जात राहिली आणि एका सकाळी स्वालबार्ड बेटांतल्या लाँगइयरबीन गावाच्या धक्क्याला लागली. हे गाव ७८ अंश उत्तरेला आहे. उन्हाळ्यात चार महिने सूर्य मावळत नाही, म्हणून रात्री खोलीचे पडदे घट्ट ओढूनच झोपायचं. हिवाळ्यात तितकेच दिवस तो दिसत नाही. गावात एक झाड नाही. डोंगर काळे-करडे, घरं मात्र लाल, पिवळी, हिरवी, आपल्याकडच्या रांगोळीच्या पुडीसारखी! जमीन बारा महिने गोठलेली असल्यामुळे घरं खांबांवर उभी.

जॉन मन्रो लाँगइयर नावाच्या अमेरिकन माणसाने १९०६ साली इथे कोळशासाठी वस्ती केली. इथली शेवटची नॉर्वेजियन खाण २०२५ साली बंद झाली, पण एक रीत मागे उरली. खाणकामगार कोळशाने भरलेले बूट दाराबाहेर काढत. आजही संग्रहालयात नि बऱ्याच हॉटेलांत जोडे काढूनच आत जायचं! मला तर माहेरी आल्यासारखं वाटलं. ह्यांच्या मोज्याला भोक होतं, ते मात्र सगळ्यांना दिसलं.

वस्ती अडीच हजारांच्या आसपास. गावाच्या कडेला पांढऱ्या अस्वलाचं चित्र असलेली पाटी आहे. तिच्यापलीकडे बंदूकवाल्या वाटाड्याशिवाय जायचं नाही. आणखी एक ऐकून मी चकित झाले. दिवस भरत आले की गरोदर बाईला नॉर्वेच्या मुख्य भूमीवर पाठवतात, कारण इथे बाळंतपणाची सोय नाही. म्हाताऱ्या माणसांची देखभाल करणारीही सोय नाही. हात-पाय थकले की गाव सोडायचं. कुणी जन्मत नाही, कुणी म्हातारं होत नाही, असं हे गाव! घरात आजी नाही, तर मुलांना जुनं काही सांगणार कोण, असं मनात आलं आणि डबा आठवला.

दुपारी टॅक्सीने विमानतळाच्या वरच्या अंगाला गेलो. डोंगरातून काँक्रीटचा एक उंच, चिंचोळा दरवाजा बाहेर आलेला दिसतो. हीच ती २००८ साली उघडलेली जागतिक बियाण्यांची कोठी. आत जायला परवानगी नसते, बाहेरूनच पाहायचं. डोंगराच्या पोटात शंभर मीटरहून जास्त आत खोल्या आहेत. तिथे उणे १८ अंशांत जगभरच्या बियाण्यांचे तेरा लाखांहून अधिक नमुने ठेवलेत. ज्याचं बी त्याचीच मालकी. सीरियात युद्ध पेटलं तेव्हा अलेप्पोजवळच्या संशोधन केंद्राचा बियाण्यांचा साठा हाती येईनासा झाला. २०१५ साली त्यांनी इथली ठेव परत नेली, लेबनॉन आणि मोरोक्कोत पेरली आणि नवं बी पुन्हा इथे आणून ठेवलं.

जाऊबाई म्हणाल्या, "अगं, हैदराबादजवळच्या पटनचेरूच्या संस्थेचंही बी आहे इथे. ज्वारी, बाजरी, तूर, हरभरा, भुईमूग."

ज्वारी! मैत्रिणींनो, माझे पाय तिथेच खिळले. जे जपायला जगाने डोंगर पोखरला, ते माझ्या सासूबाई राख नि कडुनिंब घालून एका डब्यात जपत होत्या. आणि मी? वारा डोळ्यांत जातोय असं सांगून तोंड फिरवलं. ह्यांना काही कळलं नाही.

घरी आल्यावर पहिल्याच रात्री सासूबाईंच्या पायाशी बसले. "आई, त्या डब्यात काय होतं?" म्हणाल्या, "गूळभेंडी. हुरड्याची ज्वारी. माझ्या सासूने दिलेली." मी माफी मागितली, आणि कोठीची सगळी हकिगत सांगितली. त्यांनी लक्ष देऊन ऐकली नि विचारलं, "तिथं पेरतात का?" म्हटलं, नाही, नुसतं ठेवतात. "मग ती ठेव झाली. बी दर दोन-चार सालांनी मातीत गेलं पाहिजे."

त्याच आठवड्यात गावी गेलो. धाकट्या चुलतसासूबाईंकडे तेच बी निघालं. त्यांनी ओंजळभर दिलं. रब्बीला बांधाकडेच्या दोन ओळींत पेरलं आणि पौषात मुलांनी हुरडा खाल्ला. चार कणसं मात्र सासूबाईंनी कुणाला हात लावू दिला नाही.

तुम्ही कधी त्या बेटावर निघालात तर दोन गोष्टी लक्षात ठेवा. स्वालबार्ड शेंगेनच्या बाहेर आहे, म्हणून दोनदा प्रवेश देणारा व्हिसा घ्या. आणि मोजे धड असलेले घाला! निघालात नाहीत तरी एक करा. सासूबाईंचा, आईचा एखादा जुना डबा घरात असेल, तर आत काय आहे ते आधी त्यांना विचारा. मग झाडा.

आमचा डबा आता फडताळात वरच्या खणात आहे. या खेपेला राख मी कालवली. सासूबाई शेजारी बसून "अजून घाल, अजून घाल" म्हणत होत्या.