पेण ते रोहा : काटा आणि टाकी

पेणहून रोह्याला जाणारी वाट फार लांबची नाही. वडखळला अलिबागचा फाटा उजवीकडे सोडावा, नागोठण्याशी महामार्गाचा निरोप घ्यावा, भिसे खिंड चढून उतरावे, की कुंडलिकेच्या काठचे रोहा येते. गेल्या श्रावणात ही वाट आम्हाला भलतीच लांब वाटली. रोह्याला मावशी अंथरुणाला खिळली होती आणि अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आईने धाकट्या बहिणीला भेटण्याचा ध्यास घेतला होता. बरोबर आई, सौभाग्यवती आणि आमची पंधरा वर्षांची जुनी डिझेल गाडी.

पेणला सकाळ छान गेली. गणेशोत्सव जवळ आला होता. कारखान्यांत मांडणीवर मूर्ती ओळीने उभ्या होत्या आणि कारागीर सर्वांत शेवटी करायचे नाजूक काम, डोळ्यांची आखणी, करत बसले होते. विनोबाजींचे जन्मगाव गागोदे याच तालुक्यात. तेथे जाण्याचा बेत मात्र पावसामुळे सोडून दिला. तांदळाचे पापड, पोहे घेऊन दुपारी निघालो.

वडखळच्या पुढे गाडीने दोन आचके दिले आणि ती बंद पडली. गेला महिनाभर हे दुखणे होतेच. डिझेलचा काटा कधी अर्ध्यावर, कधी एकदम शून्यावर जाई. गाडी बंद पडली की मी टाकीत डिझेल भरी आणि ती पुन्हा धावू लागे. म्हणून माझा निष्कर्ष ठरला होता : काटा खोटे दाखवतो, टाकी रिकामी होते, गाडी थांबते. त्या दिवशीही फिल्टरवरचा हातपंप दाबून गाडी कशीबशी सुरू केली आणि पुढच्या पंपावर टाकी काठोकाठ भरली. पंचेचाळीस लिटरच्या टाकीत चोवीस लिटर मावले. पावती खिशात घातली. तिच्यावरचा आकडा काय सांगतो आहे, याचा विचार मात्र केला नाही.

नागोठण्याला अंबेवरचा जुना दगडी पूल आईला दाखवला आणि भिसे खिंडीला लागलो. झाडी दाट, धुके उतरलेले, मागे अवजड ट्रक. ऐन चढावर गाडीने पुन्हा आचके दिले आणि इंजिन थांबले. इंजिन थांबले की सुकाणू जड होते आणि ब्रेकला मिळणारी मदत एकदोन दाबांत संपते, हे अनुभवल्याखेरीज कळत नाही. किल्ली न काढता, ब्रेक एकदाच घट्ट दाबून मी गाडी कडेला घेतली. सौभाग्यवतींनी मागच्या चाकांखाली दगड लावले. आई काही बोलली नाही. तिने फक्त घड्याळ पाहिले.

तेव्हा कुठे पावती आठवली. चोवीस लिटर मावले, म्हणजे वडखळला टाकीत एकवीस लिटर शिल्लक होते. आता तर टाकी भरलेली. मग गाडी थांबते ती डिझेल संपल्यामुळे नव्हेच!

हातपंप घट्ट होईपर्यंत दाबला, गाडी सुरू झाली आणि गिअरमध्येच, हळूहळू खिंड उतरून आम्ही रोह्यात शिरलो. आईला मावशीच्या दारी सोडून मी मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी बॉनेट उघडण्याआधी एकच प्रश्न विचारला, “काका, गाडी झटक्यात बंद पडते, की आचके देऊन?”

“आचके देऊन.”

“मग वायरिंग नंतर बघू. वायर सुटली तर इंजिन एकदम गप्प होते. ही एअर घेतेय.”

त्यांनी आधी फिल्टरच्या तळाचे थोडे डिझेल काचेच्या बाटलीत काढले. पावसाळ्यात पाणी उतरले असेल तर ते खाली बसते. पण डिझेल स्वच्छ होते. मग पंपाकडे जाणाऱ्या नळीत पारदर्शक नळीचा तुकडा जोडून इंजिन चालू केले. तुकड्यातून बुडबुडे धावताना दिसले. टाकीकडून फिल्टरकडे येणाऱ्या रबरी नळीला क्लिपपाशी केसासारखी चीर होती. तेथे पंप डिझेल ओढतो. त्यामुळे डिझेल बाहेर ठिबकत नाही, हवा मात्र आत शिरते. टाकीतील पातळी खाली गेली किंवा गाडी चढाला लागली, की टाकी इंजिनापेक्षा खाली पडते, ओढ वाढते आणि हवाही वाढते. डिझेल भरल्यावर गाडी सुधारल्यासारखी का वाटे, हे तेव्हा उलगडले.

काट्याचा दोष वेगळाच निघाला. मागचे आसन उचलून टाकीतला फ्लोट बाहेर काढला. तो हाताने वरखाली करत मिस्त्रींनी मीटर लावला, तर मधल्या एका जागी नोंदच तुटत होती. घासून गेलेली पट्टी. नळी लगेच बदलली. फ्लोट मागवावा लागणार होता. तोवर टाकी भरली की किलोमीटरचा आकडा शून्य करायचा आणि चारशे झाले की पुन्हा भरायची, असे ठरले. लिटरला पंधरा धावणाऱ्या गाडीला एवढी सावधगिरी पुरेशी होती.

परतताना कुंडलिकेच्या पुलावर क्षणभर थांबलो. भिऱ्याला वीज निर्माण करून सोडलेल्या पाण्यामुळे ही नदी उन्हाळ्यातही आटत नाही. चिंतामणराव देशमुखांच्या या गावी दिवेलागण झाली होती.

घरी दोघी बहिणी एकमेकींचा हात धरून बसल्या होत्या. मावशीने विचारले, “गाडीला काय झाले होते रे?”

मी म्हणालो, “दोन वेगळी दुखणी होती, मी एकच समजून बसलो होतो.”

मावशी हसली. “डॉक्टरही माझ्या बाबतीत परवा हेच म्हणाले.”

काट्याला महिनाभर दोष दिला. पण खिंडीत अडकवले ते माझ्या घाईच्या निष्कर्षाने. पेट्रोलपंपाच्या पावत्या आता मी जपून ठेवतो, आणि वाचतोही.