भीतीचाही मान राखा
सोसायटीच्या लिफ्टचं दार उघडतं, आत कुत्रा दिसतो आणि बाहेर उभी असलेली बाई भाजीची पिशवी छातीशी धरून मागे सरते. मालक हमखास म्हणतो, ‘तो काही करत नाही.’ हे त्याला अनुभवाने ठाऊक असतं. तिच्याकडे तो अनुभव नसतो. रेबीजची लक्षणं दिसू लागली की माणूस जवळजवळ कधीच वाचत नाही, म्हणून तिची भीती अडाणीपणाची म्हणता येणार नाही. कुत्र्याला लस दिलेली असेलही, पण ती बघणाऱ्याला दिसत नाही. मग कुत्र्यांना लिफ्टबंदी करावी का? मुळीच नाही. भारतीय पशु कल्याण मंडळाच्या 2015 च्या मार्गदर्शक सूचनांनीही अशी बंदी अमान्य केली आहे, आणि ते योग्यच आहे. मात्र हक्काबरोबर जबाबदारी येते. पट्टा आखूड धरा, घाबरलेल्या माणसाला आधी वाट द्या, समजावणं नंतर.