उंबरठ्याचा सेवक

इराणी गालिचा पारखायचा तर तो उलटा करून पाहावा, असे जाणकार सांगतात. वर नक्षी दिसते, खाली श्रम दिसतात. मागाच्या उभ्या धाग्यांवर लोकरीची एकेक गाठ मारायची, टोक कापायचे, ओळ पुरी झाली की आडवा धागा घालून ती फणीने ठोकून बसवायची आणि पुन्हा पहिल्या गाठीपासून आरंभ करायचा.

लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयात मी अर्दबीलचा गालिचा पाहिला, तो मात्र काचेआडून. 2006 पासून तो तेथे जमिनीवर अंथरला आहे. रंग विटू नयेत म्हणून दर अर्ध्या तासाला दहाच मिनिटे दिवे उजळतात. लांबी साडेदहा मीटर. रेशमी धाग्यांवर लोकरीच्या अडीच कोटींहून अधिक गाठी. आणि रंग अवघे दहा! गर्द निळ्या भूमीवर मधोमध पिवळे पदक, त्याच्या दोन्ही टोकांना लोंबणारे दोन दीप. त्यांतला एक लहान आहे. परिपूर्णता केवळ देवाची, म्हणून विणकराने मुद्दाम उणीव ठेवली, अशी एक कथा सांगतात. कथा गोड आहे. पण इतक्या काटेकोर हाताला नम्रतेसाठी अशी युक्ती लागली असेल, असे मला वाटत नाही.

त्याची नम्रता मला एका कडेच्या छोट्या चौकटीत दिसली. तेथे हाफिजच्या दोन ओळी आहेत, हिजरी 946 (इ. स. 1539-40) हे साल आहे आणि मक्सूद काशानी हे नाव. नावापुढे ना पदवी, ना बिरुद. तो स्वतःला उंबरठ्याचा सेवक म्हणवतो, एवढेच.

हा गालिचा अर्दबील येथील सूफी संत शेख सफीउद्दीन यांच्या दर्ग्यातला. एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस तो व्यापाऱ्यांच्या हाती गेला. विल्यम मॉरिस यांच्या शिफारशीवरून संग्रहालयाने 1893 मध्ये तो 2000 पौंडांना घेतला. त्याला एक जुळा भाऊ होता, हे सांगायचे राहिले. दोन्ही झिजले होते. तेव्हा दुसऱ्याचे तुकडे कापून पहिला सांधण्यात आला. ज्याच्यापुढे आपण थक्क होऊन उभे राहतो, त्याच्या पूर्णत्वात दुसऱ्याचे अंग आहे. व्यापाऱ्याच्या हिशेबाने ते योग्यच असेल. पूजास्थानाला वाहिलेल्या वस्तूवर चाललेली ती कात्री मला अजून बोचते.

तो दुसरा 1953 मध्ये जे. पॉल गेटी यांनी लॉस एंजेलिसच्या संग्रहालयाला दिला. आकाराने लहान, बाहेरचा काठ गेलेला. मात्र त्याच्यावरही तीच चौकट आहे, तेच साल आणि त्याच सेवकाचे नाव.