ही म्हणजे तो

माझं इंग्रजी चांगलं आहे, असा माझा बरीच वर्षं समज होता. म्हणजे शेक्सपिअर आमच्या घरी पाणी भरत होता, अशातला भाग नाही. पण केंद्र सरकारच्या एका कचेरीत इंग्रजी खर्डे लिहिण्यात माझी 33 वर्षं गेली. 'विथ रेफरन्स टू द लेटर सायटेड अबव्ह' इथून सुटलेलं माझं वाक्य 'व्हेअरअ‍ॅज', 'नॉटविथस्टँडिंग', 'इन्सोफार अ‍ॅज' अशी स्टेशनं घेत घेत पानाच्या तळाशी 'द सेड ऑफिसर'पाशी पोचायचं. साहेब ते वाचून मान डोलवायचे. त्यांना ते कळायचं की नाही, हे विचारायची आमच्याकडे पद्धत नव्हती.

याचा पाया शाळेतच घातला गेला. आमच्या इंग्रजीच्या मास्तरांच्या मते माणसाला अडकवणाऱ्या गोष्टी जगात दोनच, एक लग्न आणि दुसरी उभयान्वयी अव्ययं. दोन्हींत चूक झाली की जन्मभर भोगावी लागते. आता मराठीत ही मंडळी जोडीनं हिंडतात. 'जरी' दारात आला की मागोमाग 'तरी' पिशवी घेऊन हजर. 'जो' आला की 'तो' येतोच. त्या हिशेबानं आम्ही 'ऑलदो'च्या मागे 'बट' लावायचो आणि मास्तरांची पट्टी हातावर बसायची. इंग्रजीत म्हणे दोघांतला एकच पुरतो! तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेतली वाक्यं घोकत आम्ही 'हू' कुठे आणि 'हूम' कुठे ते शिकलो. 'ज्या खुर्चीवर तो बसला' याचं इंग्रजी 'द चेअर ऑन व्हिच ही सॅट'. तो 'ऑन' वाक्याच्या शेवटी लोंबकळत ठेवला, तर मास्तर आम्हाला बाकावर लोंबकळत ठेवायचे.

अशी सगळी शिदोरी बांधून 2018 सालच्या उन्हाळ्यात आम्ही उभयता मुलीकडे इंग्लंडला गेलो. गाव लीड्स, परगणा यॉर्कशर. आमच्या सौभाग्यवतींचं इंग्रजी म्हणाल तर 'यस', 'नो', 'थँक्यू' आणि 'शुगर लेस'. तेव्हा तिकडे दोघांच्या वतीनं बोलण्याची जबाबदारी माझी, हे विमानातच ठरलं. म्हणजे मी ठरवलं.

मुलीच्या शेजारी एक पंचाहत्तरीच्या बाई राहायच्या. कुंपणापाशी मी त्यांना गाठलं आणि 'हाऊ डू यू डू' म्हणून नळ सोडला. तो जो सुटला! 'सो आय वेंट डाऊन द शॉप, अँड देअर्स धिस लॅड, अँड ही सेज टू मी, अँड आय सेज टू हिम, कॉज हिज मम, शी वर्क्ड विथ मी सिस्टर, विच रिमाइंड्स मी...' फलाटावर उभं राहून एस.टी.ची वाट बघावी, तशी मी पूर्णविरामाची वाट बघत होतो. येणारी प्रत्येक गाडी 'अँड'ची! 'ही' कोण, 'शी' कोण, कुणाचा कुणाला पत्ता नाही. 'दॅट' कुठे औषधाला नाही. 'बिकॉज'चं मुंडकं उडवून 'कॉज'. 'व्हिच'ला तर आगापिछाच नव्हता. आमच्या शाळेत 'व्हिच'च्या आधी एखादं नाम बसवावं लागे. इथे अख्खा किस्सा उचलून 'व्हिच'च्या डोक्यावर ठेवला होता.

मी घरी येऊन जाहीर केलं, "बाईंचं व्याकरण कच्चं आहे."

माझी नात तिकडे कॉलेजात भाषाशास्त्र शिकते. ती म्हणाली, "आजोबा, बोलताना असंच असतं. लिहिताना तुम्ही आधी सगळं ठरवता आणि मग एका वाक्याच्या पोटात दुसरं वाक्य घालता. बोलताना तेवढा वेळ कुठे असतो? पुढचं वाक्य डोक्यात तयार व्हायच्या आत तोंड सुरू झालेलं असतं. मग 'अँड' टाकायचा आणि पुढे जायचं." एवढं बोलून तिनं वीटभर जाडीचं एक व्याकरण माझ्या मांडीवर ठेवलं. 1999 साली निघालेलं. चार कोटींहून जास्त इंग्रजी शब्द गोळा करून लोक प्रत्यक्षात काय बोलतात आणि काय लिहितात ते त्यात मांडलं होतं. त्यात पाहिलं तर गप्पा मारताना 'आय थिंक'च्या पुढचा 'दॅट' गाळणं, हाच रिवाज! आणि शेवटी लोंबकळणाऱ्या त्या 'ऑन'चं काय? त्याच्यावर आक्षेप घेतला होता ड्रायडन नावाच्या कवीनं, 1672 साली. पुढे त्यानं स्वतःचं जुनं लिखाण काढून त्यातली असली लोंबकळणारी अव्ययं दुरुस्त केली म्हणे. म्हणजे त्या गृहस्थाला तीनशे वर्षांपूर्वी आलेल्या लहरीपायी मी बाकावर उभा राहिलो होतो!

आठवड्याभरात आणखी दोन प्रसंग घडले. एकदा मुलगी म्हणाली, "समवन्स लेफ्ट देअर अंब्रेला." 'देअर' म्हणजे अनेकवचन, म्हणून निदान दोन माणसं तरी शोधावीत या हेतूनं मी कोपऱ्यापर्यंत पळत गेलो. परत आल्यावर नात म्हणाली, माणूस कोण ते ठाऊक नसलं की एकालाही 'दे' म्हणतात, आणि हे चौदाव्या शतकापासून चालू आहे. मी मुकाट्यानं छत्री खुंटीला लावली.

दुसऱ्या प्रसंगानं मात्र बोटं पोळली, आणि हा काही अलंकार नव्हे. शेजारीणबाईंनी ओव्हनमधून काढलेला सफरचंदाचा पाय ताटलीसकट आणून ओट्यावर ठेवला आणि मला बजावलं, "डोन्ट टच इट व्हाइल इट्स कोल्ड." व्हाइल म्हणजे असताना. थंड असताना हात लावू नका. म्हणजे गरम असतानाच लावा! मी लावला. नंतर कळलं, यॉर्कशरमध्ये 'व्हाइल' म्हणजे 'होईपर्यंत'. तिकडची माणसं 'नाइन व्हाइल फाइव्ह' कामावर असतात. एका उभयान्वयी अव्ययापायी मी दोन दिवस चमच्यानं जेवलो. आमची ही मला म्हणाली, "अहो, त्या बोलताना ताटलीवर फुंकर घालत होत्या. तुमचं लक्ष कुठे होतं?"

लक्ष व्याकरणाकडे होतं.

आता या 'आमची ही'बद्दल थोडं सांगायला हवं. आमच्या पिढीत नवऱ्यानं बायकोचं नाव चारचौघांत घ्यायचं नाही आणि बायकोनं नवऱ्याचं तर उखाण्याशिवाय कधीच नाही. मी 'ही' म्हणतो, ती 'हे' म्हणते. या सर्वनामांच्या मागे नाम शोधायला कुणी जात नाही. 'हे गावाला गेलेत' म्हटलं की ऐकणाराला कळतं. घोटाळा एवढाच, की इंग्रजीतला 'ही' पुरुष निघाला. मराठीत 'ही' म्हणजे ती आणि इंग्रजीत 'ही' म्हणजे तो.

एका दुपारी बाईंनी आम्हाला मागच्या अंगणात चहाला बोलावलं. सफरचंदाच्या झाडाखाली एक लाकडी खुर्ची होती. मी तिच्याकडे वळलो तशा बाई म्हणाल्या, "नॉट दॅट वन, लव्ह. दॅट्स हिज." मी अदबीनं बाकावर येऊन बसलो. बाई चहा ओतताना बोलू लागल्या. मला ऐकू आलं ते असं, 'ही सिट देअर, अँड आय शाऊट हिम फॉर हिज टी, अँड ही नॉट हिअर, कॉज ही हॅव द रेडिओ ऑन...' मी मनातल्या मनात लाल पेन्सिल काढली. 'सिट' नव्हे बाई, 'सिट्स'! 'हॅव' नव्हे, 'हॅज'! एरवी बरं बोलतात, पण क्रियापदाचा 'स' अगदीच कच्चा. म्हटलं, यजमान बागेत बसून रेडिओ ऐकतात, चांगलं आहे. माझ्यासारखेच दिसतात.

बोलता बोलता बाई म्हणाल्या, "सो..." आणि थांबल्या.

'सो'च्या पुढे काहीतरी येणार, हा नियम. 'सो' म्हणजे म्हणून. म्हणून काय? मी वाट पाहिली. बाई कपातला चमचा ढवळत राहिल्या. पोकळी भरून काढावी म्हणून मी माझं सर्वांत शुद्ध इंग्रजी काढलं आणि विचारलं, "अँड व्हेन विल ही बी बॅक, मॅडम?"

हिनं माझ्याकडे असं पाहिलं, की लग्नातला अंतरपाट पुन्हा धरला असता तर बरं, असं मला वाटलं.

"ही वोन्ट, लव्ह," बाई शांतपणे म्हणाल्या.

तेव्हा कुठे माझ्या डोक्यात प्रकाश पडला. ते 'ही सिट' नव्हतंच. ते होतं 'हीड सिट'. बसायचे. मी हाक मारायचे. त्यांना ऐकू यायचं नाही. 'वुड'चा तो एवढासा 'ड' बाईंच्या जिभेवर विरघळला होता आणि त्या 'ड'मध्ये त्यांचा सगळा संसार भूतकाळात गेला होता. मी मात्र गहाळ झालेला 'स' शोधत बसलो होतो.

मला शब्द सुचेना. 33 वर्षांच्या नोकरीत 'आय डीपली रिग्रेट' मी शेकडो वेळा लिहिलं असेल, पण ते सगळं दिरंगाईबद्दल. तेवढ्यात ही उठली, बाईंच्या शेजारी जाऊन बसली, त्यांचा हात हातात घेतला आणि माझ्याकडे बोट दाखवून म्हणाली, "माय ही ऑल्सो नॉट हिअर."

बाई क्षणभर बघत राहिल्या आणि मग हसू लागल्या. हसता हसता डोळे पुसू लागल्या. मग दोघी बोलत बसल्या. एकीकडून 'अँड', दुसरीकडून 'आणि'. एकीचा 'ही', दुसरीचे 'हे'. तासभर चाललं होतं. कर्ता, कर्म, संबंधी सर्वनाम कुणाचा कुठे मागमूस नव्हता, आणि कुणाचं काही अडत नव्हतं. दुभाष्या म्हणून नेमणूक झालेले अस्मादिक बिस्किटं खात होते.

घरी येताना मी हिला विचारलं, "तुला कसं कळलं, ते गेलेत म्हणून?"

"अहो, खुर्चीवर पानं पडली होती, ती कुणी झाडली नव्हती. आणि त्या बोलता बोलता 'सो' म्हणाल्या ना?"

"पण 'सो'च्या पुढे काहीच बोलल्या नाहीत!"

"त्या पुढे बोलल्या नाहीत, म्हणूनच कळलं," ही म्हणाली.

मी विचार करत राहिलो. 'नॉटविथस्टँडिंग' नि 'इन्सोफार अ‍ॅज' ही सगळी अवजारं परक्या माणसासाठी. कागद कुणाच्या हाती पडेल ते ठाऊक नसतं, म्हणून प्रत्येक सांधा आवळावा लागतो. समोर आपलं माणूस असलं की सांधे सैल सोडले तरी चालतात. उरलेलं तो जोडून घेतो. आणि ते 'सो' काही नवीन नव्हतं. आपल्याकडे आई सासरचं काही सांगता सांगता थांबायची, पदर सारखा करायची आणि जे म्हणायची, तेच ते. फक्त यॉर्कशरच्या हवेत त्याचा पहिला 'अ' गळाला होता.

असो.