जड झालेल्या पापण्या

शिक्षकाच्या नजरेंत जरब असावी लागते. माझी जरब मात्र साठी उलटल्यावर माझ्याच पापण्यांनीं झांकून टाकली. वरची कातडी सैल होऊन डोळ्यांवर उतरली. अमळनेरच्या आमच्या घरीं आलेल्या गृहस्थांचें बोलणें मी मन लावून ऐकत असतां नातीनें "आजोबांना झोप आली" असें जाहीर करावें आणि त्यांनीं उठून जावें, असें दोनदां झालें! मनाला लागलें, पण या वयांत रूपाची हौस कसली, असें कोणी म्हणेल म्हणून गप्प राहिलों. अखेर वाचतांना मी बोटानें पापणी उचलून धरतों, हें सूनबाईनें पाहिलें आणि मला जळगांवास नेत्रतज्ज्ञाकडे नेलें.

डॉक्टरांनीं पहिलाच प्रश्न विचारला, "गुरुजी, तुम्हांला नीट दिसावें म्हणून, कीं तुम्ही नीट दिसावें म्हणून?" मीं पहिलेंच कारण सांगितलें.

तेथें कळलें तें असें. कातडी सैल होणें निराळें, पापणी उचलणारा स्नायू दुबळा होणें निराळें, उपायही निराळे. पापणी एकाएकीं पडली किंवा एकाचे दोन दिसूं लागले, तर मात्र एक दिवसही दवडूं नये. तो मज्जातंतूंच्या वा मेंदूच्या विकाराचा इशारा असूं शकतो. शस्त्रक्रियेपूर्वीं दृष्टीचा परीघ मोजतात, डोळे कोरडे पडतात काय तें पाहतात, रक्त पातळ करणाऱ्या औषधांची चौकशी करतात. बहुधा जागा बधिर करून, पापणीच्या मूळ घडींतच छेद घेतात. टांके आठवड्याभरांत निघतात. कातडी अधिक निघाली तर डोळा पुरता मिटत नाहीं. डोळ्यामागें रक्तस्राव होऊन दृष्टी जाण्याचा धोकाही, क्वचित् कां होईना, आहेच.

घरीं येऊन सुश्रुतसंहिता उघडली. उत्तरतंत्राच्या १६ व्या अध्यायांत पापणीवरील यवाकार कातडी काढून केसानें शिवावें, असें सांगितलें आहे; पण तें आंत वळलेले केस डोळ्यास टोचूं नयेत म्हणून, रूपासाठीं नव्हे. हा आधार मिळाल्यानें मला बरें वाटलें, आणि लगेच लाजही वाटली. आयुष्यभर मुलांना खरें बोलण्यास सांगितलें, आणि स्वतः ऋषींच्या आड लपूं पाहत होतों!

दुसऱ्या खेपेस डॉक्टरांना म्हणालों, "दोन्हीं कारणें आहेत." ते हंसले. "मग ऐका. पापणी हलकी होईल, वय नाहीं."

तेवढें मला पुरेसें आहे. दिवस ठरला आहे. नातीला एकच चिंता, "मग आजोबा खरेच झोपले, हें आम्हांला कळणार कसें?"