कागद आपला, हक्कही आपला

शेतकऱ्याच्या घरात कागदाचा धाक जुनाच आहे. आपल्या पणजोबांच्या पिढीने सावकाराच्या कागदावर अंगठे दिले. त्यात काय लिहिले आहे हे पुष्कळांना जमीन गेल्यावरच कळले. 1875 च्या मे महिन्यात पुणे जिल्ह्यातील सुपे गावी शेतकरी उठले, तेव्हा त्यांनी सावकारांची कर्जखते हिसकावून जाळली. आपला गळा त्या कागदात अडकला आहे, हे त्यांना बरोबर ठाऊक होते. पुढे 1879 साली सरकारला दख्खनच्या शेतकऱ्यांसाठी कायदा करावा लागला. खत नोंदणी अधिकाऱ्यासमोर व्हावे, पैसे फेडल्याची पावती मिळावी, अशा गोष्टी त्यात आल्या.

वाचकहो, ही जुनी गोष्ट उगाच काढली नाही. आज आपण कोऱ्या कागदावर अंगठा देत नाही. पण आधार कार्डाची झेरॉक्स, सातबारा, पासबुकाचे पहिले पान, फोटो आणि फोन नंबर किती ठिकाणी देतो, ते आठवून पाहा. सिम कार्डासाठी, गॅससाठी, बचत गटाच्या कर्जासाठी, ठेकेदाराकडच्या कामासाठी. आमचे ऊर्जानगर म्हणजे चंद्रपूरच्या वीज केंद्राची वसाहत. इथले काय किंवा शेजारच्या दुर्गापूरचे काय, दहा ठिकाणी कागद गेले नाहीत असे घर सापडणे कठीण. देण्यात काही गैर नाही, त्यावाचून काम होत नाही. प्रश्न आहे तो त्या कागदाचे पुढे काय होते याचा.

माझ्या घरचेच सांगतो. आमची थोडी शेती भद्रावती तालुक्यात आहे, ती वडील पाहतात. फवारणी पंपाच्या सवलतीसाठी त्यांनी एके ठिकाणी कागद दिले. दोन महिन्यांनी फोन सुरू झाले. एक दिवस एकाने विचारले, “काकाजी, अडीच एकरातली पऱ्हाटी कशी आहे?” गट नंबर बरोबर, बँकेचे नाव बरोबर. कर्ज मंजूर झाले आहे, मोबाइलवर आलेला आकडा तेवढा सांगा, असे तो म्हणाला. आकडा वाचायला वडील चष्मा शोधू लागले, तेव्हा मी फोन घेऊन विचारले, “आमची माहिती तुम्हाला कोणी दिली?” पलीकडून फोन बंद झाला. पैसे वाचले. पण वडील म्हणाले ते मनात राहिले, “ज्याला माझ्या वावराचा गट नंबर ठाऊक, त्याला परका कसा समजू?”

खरा धोका हाच आहे. आपली माहिती हाती आली, की चोरसुद्धा घरच्या माणसासारखा बोलतो. माहिती कोठून फुटली, ते आम्हाला शेवटपर्यंत सिद्ध करता आले नाही. आमच्याकडचा वाघ निदान चिखलात पाऊल उमटवून जातो, फुटलेल्या माहितीचा माग लागत नाही.

हे फक्त भुरटे लोकच करतात, असेही नाही. 2017 साली एअरटेल पेमेंट्स बँकेचे प्रकरण देशभर गाजले. लोकांनी सिम कार्डाच्या पडताळणीसाठी आधार दिले, आणि स्पष्ट संमती न घेताच पुष्कळांची त्या बँकेत खाती उघडली गेली. गॅसचे अनुदान आधारला शेवटी जोडलेल्या खात्यात जाते. त्यामुळे ते या नव्या खात्यांत वळले. ज्या माउल्या जुने पासबुक घेऊन बँकेत गेल्या असतील, त्यांना रक्कम कोठे गेली ते कसे कळावे? आधार प्राधिकरणाने त्या बँकेवर कारवाई केली, आणि मार्च 2018 मध्ये रिझर्व्ह बँकेने तिला 5 कोटी रुपये दंड केला.

बांधावरचे गवत कापायला सांगितलेल्या माणसाने शेतात नांगर घालायचा नसतो. आपण एका कामासाठी दिलेली माहिती दुसऱ्या कामाला लावणे, हे तसेच आहे. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींनी खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्यानंतर 2023 साली संसदेने वैयक्तिक माहितीच्या संरक्षणाचा कायदा केला. संगणकात साठवलेल्या माहितीला तो लागू आहे. माहिती कशासाठी हवी, हे मराठीतूनही समजून घेण्याची सोय त्यात आहे. दिलेली संमती मागे घेता येते. माझी कोणती माहिती तुमच्याकडे आहे आणि ती कोणाला दिली, असे विचारता येते. चूक दुरुस्त करून घेता येते, काम संपल्यावर माहिती पुसायला सांगता येते. संस्थेने दाद दिली नाही, तर डेटा संरक्षण मंडळाकडे तक्रार करता येते. दंड 250 कोटी रुपयांपर्यंत होऊ शकतो. याचे नियम नोव्हेंबर 2025 मध्ये निघाले. त्यांत यातल्या बहुतेक तरतुदींसाठी अठरा महिन्यांची, म्हणजे मे 2027 पर्यंतची मुदत ठेवली आहे.

एक मात्र ध्यानात ठेवा. हा दंड सरकारजमा होतो, नुकसान सोसणाऱ्याच्या पदरात पडत नाही. म्हणून घरची राखण सोडू नये.

झेरॉक्स देताना तिच्यावर आडवे लिहा: कशासाठी दिली, कोणाला दिली, तारीख आणि सही. कोऱ्या फॉर्मवर सही किंवा अंगठा नको. मशीनवर बोट ठेवण्याआधी ते कशासाठी, हे विचारा आणि पावती मागा. जिथे चालत असेल तिथे फक्त शेवटचे चार आकडे दिसणारे आधार द्या. बोटांचे ठसे कुलूपबंद ठेवण्याची सोयही आहे. आधारच्या चौकशीसाठी 1947 हा क्रमांक आहे. स्वातंत्र्याचे साल म्हणून तो लक्षात राहील. फसवून पैसे काढले गेले, तर त्याच घटकेला 1930 वर कळवा. बँकेविरुद्ध तक्रार असेल, तर आधी बँकेला लेखी द्या. तीस दिवसांत निकाल लागला नाही किंवा उत्तराने समाधान झाले नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडे जा. तिथे फी लागत नाही.

आणि विचारताना संकोच करू नका. टेबलामागचा माणूस कपाळाला आठ्या घालील, मागची रांग कुरकुरेल. तरी विचारा. घरातल्या म्हाताऱ्या माणसांना आणि कॉलेजात जाणाऱ्या पोरींनाही विचारायला शिकवा. सुप्याच्या शेतकऱ्यांना कागद जाळता आला. आपल्या कागदाच्या आज हजार नकला निघतात, त्या कोणाला जाळता येणार नाहीत. म्हणून देण्याआधीच विचारायचे: “हे कशाला हवे?”